हजाराच्या आतली बाटली

या पुस्तकासाठी वाईन चाखणाऱ्या मंडळींनी स्वतःवर एकच अट घालून घेतली आहे. बाटली ज्या शहरात विकत घेतली, तिथल्या साध्या नोकरदाराला ती महिन्यातून दोन-तीनदा घरी नेताना हात आखडता घ्यावा लागू नये. मग ती लिस्बनमध्ये चार-पाच युरोची असेल, मेलबर्नमध्ये पंधरा डॉलरची असेल, पुण्यात हजार रुपयांच्या आतबाहेर असेल. सगळ्या किमती रुपयांत फिरवून एका रांगेत मांडायच्या नाहीत, कारण तसं केलं की तुलना वाईनची राहत नाही, करांची होते.

करांचं प्रकरण आधीच उरकून टाकू. परदेशी वाईनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क राहिलं. त्यावर राज्याचे कर, मग आयातदार, मग दुकानदार. पोर्तुगालमध्ये कुणी बुधवारी रात्री माशाबरोबर सहज उघडेल अशी बाटली कोथरूडच्या दुकानात पोचेपर्यंत लग्नाच्या वाढदिवसाची होऊन बसते. २०२२च्या डिसेंबरअखेर भारत-ऑस्ट्रेलिया करार लागू झाला, तेव्हा वाईनचं शुल्क उतरलं अशा बातम्या आल्या. बातम्या खऱ्याच होत्या. पाच अमेरिकी डॉलर किंवा त्याहून अधिक आयात किमतीच्या बाटलीवर शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आलं आणि ते दहा वर्षांत ५० पर्यंत उतरायचं आहे. पंधरा डॉलरपासून वरच्या बाटलीवर ते लगेच ७५ झालं आणि पुढे २५ व्हायचं आहे. पाच डॉलरच्या खालच्या बाटलीला मात्र काहीच सवलत नाही. म्हणजे महाग वाईन थोडी स्वस्त झाली आणि स्वस्त वाईन होती तिथेच राहिली. आपल्या द्राक्ष बागायतदाराला संरक्षण म्हणून हे केलं, हे मला कळतं. पण या पुस्तकाला ज्या बाटल्यांचं वेड आहे, त्या अशा वेळी नेमक्या दाराबाहेर राहतात. म्हणून यातल्या चाखणीच्या बऱ्याच नोंदी परदेशी राहणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींनी आपापल्या गावात केल्या आहेत आणि नाशिकच्या बाटल्या कुणाच्या ना कुणाच्या सामानातून तिकडे गेल्या आहेत.

आता मूळ प्रश्न. एक बाटली चारशे रुपयांची आणि दुसरी चाळीस हजारांची, यात नेमका फरक कशाचा? द्राक्षं दोन्हीकडे किलोभराहून थोडी जास्त लागतात. काच, बूच, लेबल, खोकं यांचा खर्चही दोन्हीकडे फार वेगळा नसतो. ओकचं पिंप महाग असतं हे खरं. नवं फ्रेंच पिंप कित्येक शे युरोंना पडतं. पण २२५ लिटरच्या त्या पिंपातून सुमारे तीनशे बाटल्या भरतात, म्हणजे बाटलीमागे दोन-तीन युरो. हातानं खुडणी, कमी उत्पन्न, दोन वर्षं तळघरात अडकलेलं भांडवल, हे सगळं मिळवलं तरी हिशेब एका ठरावीक आकड्याच्या फार वर जात नाही. त्यापुढचे पैसे जमिनीच्या भावाचे आणि नावाचे. आंब्याच्या मोसमात हापूसच्या पेटीभोवती गर्दी असते आणि शेजारी पायरी मुकाट पडून असते. रस कुठल्याचा करायचा हे जाणती माणसं गर्दीला विचारत नाहीत.

या सगळ्या नोंदी वाचताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. लेखकांनी ती कुठे थेट मांडलेली नाही, म्हणून इथे मांडतो. चांगली स्वस्त वाईन बहुधा हरलेल्या प्रदेशातून येते. कुणी फर्मानामुळे हरलं, कुणी थंडीच्या कडाक्यात, कुणी फॅशन बदलल्यामुळे, तर कुणी आपल्याच यशामुळे. कसब शाबूत राहिलं, वेली राहिल्या, भाव तेवढा गेला. अशी गावं हुडकायची तर लेबलावरच्या पदकांपेक्षा त्या प्रदेशाचा इतिहास जास्त कामाला येतो.

फ्रान्समधल्या बोजोलेचं पाहा. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने १३९५ साली गामे या द्राक्षाविरुद्ध फर्मान काढलं. ही वेल भरमसाट पिकते, तिची वाईन कडवट आणि माणसाला अपायकारक असते, सबब ती उपटून टाकावी, असा त्याचा आशय. बर्गंडीच्या नामांकित चुनखडीच्या उतारांवरून गामे अशी हद्दपार झाली आणि दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर तिने बस्तान बसवलं. तिथली माती तिला अशी मानवली की आज तिची सर्वांत चांगली रूपं तिथेच मिळतात. मग विसाव्या शतकात दुसरा फटका बसला. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जेमतेम काही आठवड्यांची नवी वाईन जगभर एकदम विकायला काढायची, ही टूम इतकी चालली की बोजोले म्हणजे ती जांभळट, केळ्याच्या वासाची, वर्षभरात विसरायची वाईन, अशी सगळ्यांची समजूत झाली. टूम ओसरली, समजूत राहिली. त्याच टेकड्यांवर मोर्गों, फ्लरी, मूलँ-आ-व्हाँ असे दहा टापू स्वतःच्या नावाने वाईन करतात. त्यांच्या चांगल्या बाटल्या पाच-सात वर्षं सहज टिकतात आणि बर्गंडीच्या बऱ्या गावच्या बाटलीच्या निम्म्या किमतीत मिळतात. सहाशेहून अधिक वर्षं झाली, ड्यूकच्या फर्मानाचा फायदा गिऱ्हाईक अजून उपटतंय.

म्युस्कादेची कथा थोडक्यात आटोपते. १७०९च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या पश्चिमेला, नाँतच्या आसपास वेली गारठून मेल्या. नव्या लागवडीसाठी थंडीला न बधणारं मलों नावाचं द्राक्ष निवडलं गेलं, तेही बर्गंडीतून हाकललेलंच. डच व्यापाऱ्यांना ब्रँडी गाळायला साधी पांढरी वाईन हवी होती, तिला ते बरं पडलं. वासाला बेताची, चवीला जराशी खारट आणि करकरीत आंबट, अशी ही वाईन तिकडे कालवांबरोबर पितात. रत्नागिरी-मालवणकडच्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही, फक्त शेजारी तिसऱ्या ठेवाव्या लागतात.

हेरेथबद्दल मात्र जरा थांबायला हवं. दक्षिण स्पेनमधल्या या गावाची शेरी एके काळी इंग्रजांच्या घराघरांत असे. त्यातली गोड शेरी आजीबाईंचं पेय ठरली, तरुण मंडळींनी पाठ फिरवली आणि द्राक्षमळे आकसत गेले. या पडझडीत जी वाईन सापडली तिचं नाव फिनो. पालोमिनो या तशा निर्गुण द्राक्षाची पांढरी वाईन करून तिच्यात थोडा मद्यार्क मिसळतात, पंधरा टक्क्यांपर्यंत. पिंप मुद्दाम पूर्ण भरत नाहीत. वर जी हवा राहते तिथे यीस्टचा पांढरा थर धरतो आणि तो वाईनला हवेपासून राखतो. पिंपांच्या रांगा एकावर एक. खालच्या रांगेतून थोडी वाईन बाटलीसाठी काढायची, ती जागा वरच्या रांगेतून भरायची, तिची त्याहून वरच्या. त्यामुळे हाती येणाऱ्या बाटलीत अनेक वर्षांचा माल मिसळलेला असतो. ती कोरडी खडखडीत असते, भिजवलेल्या बदामाच्या आणि आंबवलेल्या पिठाच्या वासाची. वर्षानुवर्षं पिंपात सांभाळलेली अशी वाईन स्पेनमध्ये दहा युरोच्या आत मिळते. इतक्या कष्टाची आणि इतक्या कमी भावाची दुसरी वाईन मला माहीत नाही. लेखकांपैकी एकीने तिच्याबरोबर खारे शेंगदाणे आणि कुरकुरीत तळलेली मांदेली सुचवली आहे. मी त्यात फक्त एक भर घालतो. बाटली उघडली की फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. शोकेसमध्ये महिनोन्महिने ठेवलेली उघडी फिनो चाखून शेरी आवडत नाही म्हणणाऱ्यांची संख्या बरीच आहे.

स्पेनमधल्याच रिओहावर या मंडळींचं प्रेम आहे, माझं थोडं कमी. मान्य करण्यासारखं हे, की तिथे वाट पाहण्याचं काम वायनरी करते. लाल रिओहावर क्रियान्सा लिहायचं तर किमान दोन वर्षं, त्यातलं एक पिंपात. रेझेर्व्हा म्हणायचं तर तीन. ग्रान रेझेर्व्हाला पाच. एवढी मुरलेली वाईन आपल्या घरातली जागा न अडवता पिण्याच्या दिवशी हाती पडते, हे थोडं नाही. पण परंपरेने तिथे अमेरिकन ओक वापरतात आणि त्याचा व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याचा वास स्वस्त बाटल्यांत द्राक्षाला झाकून टाकतो. नवशिक्याला तो वास हमखास आवडतो. म्हणूनच जगभरच्या स्वस्त वाईनमध्ये पिंपाऐवजी ओकच्या ढलप्या भिजवून तो आणला जातो. पुस्तकात रिओहाच्या पानांवर तारे जरा सढळ हाताने वाटले गेलेत, असं माझं मत.

चिलीची कथा वेगळीच. तिथले बागायतदार पिढ्यानपिढ्या ज्याला मर्लो म्हणत होते, त्यातलं बरंचसं मर्लो नव्हतंच. २४ नोव्हेंबर १९९४ रोजी झाँ-मिशेल बूर्सिको या फ्रेंच वेलतज्ज्ञाने माइपो खोऱ्यातल्या एका मळ्यात पानं आणि घड पाहून सांगितलं की हे कार्मेनेर आहे. फिलॉक्सेरा या किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपातले मळे बसवले, तेव्हा बोर्डोतून जवळजवळ नाहीसं झालेलं द्राक्ष ते हेच. ते मर्लोच्या कित्येक दिवस मागून पिकतं. दोन्ही एकाच दिवशी खुडली जात, त्यामुळे चिलीच्या मर्लोला ढोबळी मिरचीचा हिरवट वास येई आणि तो तिथल्या मातीचा गुण समजला जाई. नाव कळल्यावर खुडणी लांबली आणि वाईन सुधारली. आज सुपरमार्केटमधल्या साध्या कार्मेनेरमध्येही काळी मिरी आणि जांभळाची चव नीट लागते. किंमत मात्र अजून ओळख पटायच्या आधीची असावी, तशी.

मेलबर्नच्या नोंदीत बाटलीऐवजी खोकं आहे, त्याला नाक मुरडू नका. पुठ्ठ्याच्या पेटीत पिशवी, ही कल्पना दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या थॉमस अँगोव्ह यांनी १९६५ साली आणली. त्या पेट्यांतली बरीच वाईन टाकाऊ असते, काही नसते. रात्री एकच ग्लास घेणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काही नाही, कारण पिशवी आकसत जाते आणि आत हवा शिरत नाही. स्क्रू कॅपलाही नाक मुरडू नका. क्लेअर व्हॅलीतल्या रीसलिंग करणाऱ्यांनी २००० साली एकत्र येऊन बुचाला रजा दिली, कारण खराब बुचाने चांगली वाईन कुबट होत होती. आपल्याकडे मात्र फिरकीचं झाकण दिसलं की यजमान अजून ओशाळतो.

पुस्तकाचा गाभा म्हणजे शेनिन ब्लाँवरचं लांबलचक प्रकरण. एकच द्राक्ष, तीन देश, आणि तिन्हीकडे खिशाला परवडणारं. एवढ्या एका प्रकरणासाठीसुद्धा मी ही प्रस्तावना लिहिली असती.

फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या काठी, तूरजवळच्या व्हूव्रेत हे द्राक्ष शतकानुशतकं आहे. तिथला मऊ पिवळसर दगड कापून राजवाडे बांधले, आणि दगड काढल्यावर ज्या गुहा उरल्या त्यांत वाईन मुरायला ठेवली. शेनिन सावकाश आणि एकसारखं न पिकणारं. खुडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत रेंगाळते. साल थंड गेलं तर आंबट द्राक्षांची फेसाळ वाईन करायची, उबदार गेलं तर गोड, मध्यम गेलं तर कोरडी. त्यामुळे बाटली उघडेपर्यंत गोड की कोरडी ते कळत नाही, असे प्रसंग येतात. लेबलावर ते लिहिण्याचा कंटाळा करणारे उत्पादक तिथे अजून आहेत. वास सफरचंदाचा, मधाचा आणि ओल्या घोंगडीचा. शेवटचं विशेषण ऐकून माणसं बिचकतात. बिचकू नये, तो वास हवाहवासा असतो.

दक्षिण आफ्रिकेत डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान फान रिबेकने १६५५ साली केपमध्ये वेली लावल्या आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजी पहिला रस निघाल्याची नोंद त्याने रोजनिशीत केली. शेनिन तिथे स्टेन या नावाने नांदलं. हे ल्वारचंच शेनिन, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाऊन निश्चित झालं. मधल्या काळात त्याचं काम हमालीचं होतं. ब्रँडी गाळायची, नाहीतर गोडसर पांढरी वाईन पिंपांनी ओतायची. पण त्या हमालीसाठी लावलेल्या वेली स्वार्टलंडच्या उन्हात आणि स्टेलेनबॉशच्या डोंगरउतारांवर तशाच उभ्या राहिल्या आणि म्हाताऱ्या झाल्या. जुनी वेल कमी घड देते, पण जे देते ते दाट रसाचं. पस्तीस वर्षं ओलांडलेल्या मळ्यांच्या बाटलीवर आता लागवडीच्या सालाचं चिन्ह लावता येतं. जगात जुन्या वेलींचं नाव काढलं की किंमत चढते. केपचं शेनिन अजून त्या मानाने जमिनीवर आहे.

आणि नाशिक. व्हूव्रेत वेल थंडीत झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, तिला वर्षातून दोनदा कापावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार करण्यासाठी; पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास गोडी बहाराची छाटणी, ती घडांसाठी. डावणी आणि भुरी या रोगांशी झगडत हिवाळा काढायचा आणि जानेवारी ते मार्चमध्ये खुडणी. म्हणजे फ्रान्समध्ये वेली उघड्याबोडक्या उभ्या असतात तेव्हा दिंडोरीत क्रेट भरत असतात. दिवसा चांगलं ऊन आणि रात्री निफाडचा तो दर हिवाळ्यात बातमी होणारा गारठा. रात्रीच्या गारव्यात द्राक्षातला आंबटपणा टिकून राहतो आणि शेनिन मुळातच आंबटपणा न सोडणारं. राजीव सामंत यांच्या सुला वाईनयार्ड्सने २००० साली पहिल्या बाटल्या काढल्या, त्यांत सोव्हिन्यों ब्लाँच्या जोडीला शेनिन होतं, ते उगाच नव्हे.

शेतकऱ्याला मात्र सगळं शास्त्र उलटं करावं लागलं. खायच्या द्राक्षात मणी मोठा हवा. थॉमसनचे घड जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात बुडवून मणी फुगवायचे, लांबवायचे, कारण बाजार त्यालाच भाव देतो. वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, जाड सालीचा आणि बीवाला. तो फुगवला तर रस पातळ होतो. खायच्या द्राक्षाला अठरा ब्रिक्सची गोडी खूप झाली, वाईनला बावीस-तेवीसपर्यंत थांबायचं. एकरी उत्पन्न वाढवायचं की नाही यावर तर वादच. ज्याने आयुष्यभर टनांत विचार केला त्याला तयार होणारे घड काढून फेकायला सांगायचं. ऊन चढायच्या आत माल वायनरीत पोचला पाहिजे म्हणून पहाटेपासून खुडणी, आणि गेटवर गोडी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा एक थेंब, त्यावर भाव. पुस्तकात या मळ्यांतले फोटो नाहीत याची मला चुटपुट लागली.

नाशिकचं शेनिन ल्वारसारखं लागत नाही, लागूही नये. पेरू आणि अननसाचा वास पुढे येतो, आणि बहुतेक उत्पादक थोडी साखर राखतात. या साखरेवर जाणकार नाराज असतात. मी नाही. तर्री मारलेल्या मिसळीपुढे किंवा कोल्हापुरी रश्श्यापुढे खडखडीत कोरडी वाईन टिकत नाही. मद्यार्क तिखटाला आणखी पेटवतो. किंचित गोड, भरपूर आंबट आणि थंडगार शेनिन तिथे आब राखून उभी राहते. बाटल्या झाकून घेतलेल्या चाचणीत दोघांनी नाशिकच्या ग्लासापुढे केप लिहिलं, हे वाचून मला गुदगुल्या झाल्या. पण कौतुकाच्या भरात हेही लक्षात ठेवावं की त्याच किमतीत केपची वाईन, तिच्या गावी, नाशिकपेक्षा अनेकदा सरस निघाली. नोंदी प्रामाणिक आहेत.

स्वस्ताईची दुसरी बाजू पुस्तकात ओझरती आली आहे. दक्षिण फ्रान्समधल्या लाँगडॉकमध्ये १९०७ साली वाईनचे भाव इतके कोसळले की लाखो लोक रस्त्यावर उतरले. साखरपाण्याची बनावट वाईन बाजारात येते आणि आमची सडते, हा त्यांचा राग. नारबोनमध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसं मेली. सतराव्या रेजिमेंटमधल्या शिपायांनी, जे त्याच भागातले होते, बंड केलं. त्यानंतर भेसळीविरुद्धचा कायदा आला. आपल्याकडे २००१च्या धोरणाने वाईन उद्योगाला करसवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क आखले, वायनऱ्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. मग २००८च्या मंदीत आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलांची मागणी बसली, टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी वाईनची द्राक्षं उपटून पुन्हा खायची लावली. सवलतीच्या फलकाखालची बाटली उचलताना मला हे आठवतं. म्हणून मी ती उचलत नाही असं नाही.

किंमत जिभेवर कशी बसते यावर २००८ साली दोन अभ्यास आले. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना एकच वाईन दोन वेगवेगळ्या किमती सांगून चाखायला दिली. किंमत मोठी सांगितली तेव्हा लोकांनी ती जास्त आवडल्याचं सांगितलंच, शिवाय मेंदूचा आनंदाशी संबंधित भागही जास्त जागा झाला. म्हणजे माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना खरंच जास्त मजा आली. दुसऱ्या अभ्यासात सहा हजारांहून अधिक झाकल्या चाचण्या तपासल्या. वाईनचं शिक्षण नसलेल्यांना महाग वाईन किंचित कमीच आवडली. कॅलिफोर्नियात चार्ल्स शॉ नावाची वाईन २००२ पासून दोन डॉलरला एक सेंट कमी, एवढ्याला विकली जाई. तिच्या २००५च्या शार्डोनेला राज्याच्या जत्रेतल्या स्पर्धेत २००७ साली डबल गोल्ड मिळालं. यावरून महाग वाईन म्हणजे निव्वळ थोतांड, असा निकाल देणारे लोक मला लेबलपूजकांइतकेच कंटाळवाणे वाटतात. यातून निघतं ते एवढंच, की किंमत कळली की आपली जीभ आपली राहत नाही.

म्हणून इथली पद्धत नीट पाहून ठेवा. गळ्यावरची पन्नी पूर्ण काढायची, कारण तिच्या रंगावरूनही बाटली ओळखू येते. बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळून रबर बँड, वर मार्करने आकडा. आकडे घालणारा माणूस ओतायला बसणार नाही. ग्लास सगळे सारखे, आणि आदल्या दिवशी साबणाने नाही तर नुसत्या गरम पाण्याने धुतलेले. शेजारी थुंकायला मग. हा मग मराठी घरात बहुधा कोरडा राहतो. पैसे मोजून आणलेलं थुंकायचं, हे आपल्याला जमत नाही. पहिली फेरी रिकाम्या तोंडी, दुसरी जेवणाबरोबर. या दुसऱ्या फेरीमुळे पुस्तक इतरांपेक्षा वेगळं झालं आहे. पहिल्या घोटाला भाव खाऊन जाणारी दणदणीत, गोडसर, ओकवाली लाल वाईन जेवणात अर्धी तशीच राहते आणि कुणाच्या लक्षात न आलेली एखादी हलकी बोजोले सगळ्यांत आधी संपते. प्रत्येक नोंदीत बाटलीत किती उरलं ते लिहिलं आहे. मी तारे वाचत नाही, तो रकाना वाचतो.

एक सूचना तापमानाची. लाल वाईन घरातल्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या दगडी, गार घरांचा. एप्रिलमधल्या पुण्यात किंवा नागपुरात तो पाळला तर हाती कोमट, मद्यार्काचा भपका मारणारं काहीतरी येतं आणि दोष वाईनला जातो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली तर स्वस्त लाल वाईन निम्म्याने सुधारते. याला काही खर्च नाही.

वाईन ही दारू नव्हे, असा युक्तिवाद २०२२च्या जानेवारीत, सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याच्या राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयानंतर, बराच ऐकू आला. तो निर्णय पुढे अंमलात आला नाही. युक्तिवाद तेव्हाही मला पटला नव्हता. बारा-तेरा टक्के मद्यार्क असलेलं पेय दारूच आहे, तिला फळांच्या रसाचे कपडे घालायची गरज नाही. लेखकांनीही हा आडपडदा ठेवलेला नाही आणि आरोग्याच्या नावाने तिची वकिलीही केलेली नाही, हे बरं झालं.

भांडण एका ठिकाणी आहे. गोव्याच्या पोर्टला त्यांनी चार ओळींत निकालात काढलं. तिचा पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातल्या पोर्टशी संबंध नावापुरता, हे खरं. ती बहुतेक बंगळूर ब्लू या द्राक्षाची, साखरेने गोड केलेली, खोकल्याच्या औषधाच्या वळणावर जाणारी, हेही खरं. पण महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत पहिली वाईन शिरली ती तीच, गोव्याहून परतताना बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून. परवडणाऱ्या वाईनचा आपला इतिहास लिहायचा तर तो तिच्यापासून सुरू होतो. नारायणगावला शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळ वाईन काढली आणि ती ओमर खय्याम नावाने परदेशी गेली, हे पुस्तकात सविस्तर आहे. ते असावंच. पण ती बाटली किती जणांनी पाहिली होती?

आणि सोलापूर जिल्हा पूर्ण सुटला आहे. अकलूजजवळच्या माळावर फ्रातेल्ली वायनरीच्या मळ्यांत टस्कनीचे वाईनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली लावलेलं सांजोव्हेझे पिकतं. ऊस आणि डाळिंबाच्या या मुलखात इटलीचं ते आंबट-तुरट, चेरीच्या चवीचं द्राक्ष कसं वागतं, हे शेनिनच्याच पद्धतीने तपासायला हवं होतं. टस्कनीची साधी कियांती, रोमान्याची त्याहून साधी सांजोव्हेझे आणि अकलूजची, तिन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून, सोबत मटणाचा काळा रस्सा. पुढच्या आवृत्तीत हे प्रकरण यावं. अकलूजची बाटली मी देतो. बाकीच्या दोन कुणी आणायच्या आणि त्यांची ड्यूटी कुणी भरायची, ते मंडळींनी आपसात ठरवावं.